चालता ट्रक बंद पडला आणि सेल्फ मारूनही सुरू होत नाही, तेव्हा

ट्रक बंद पडला की नवखा माणूस पहिली पाच मिनिटं एकच काम करतो, सेल्फ मारत राहतो. बॅटरी उतरते, स्टार्टर तापतो, आणि मिस्त्री येईपर्यंत एका बिघाडाचे दोन झालेले असतात. दुसरी खोड म्हणजे लगेच पाना काढून डिझेल फिल्टर खोलणं. फिल्टर खोलला की लाइनमध्ये हवा शिरते. मूळ बिघाड वायरिंगचा असला तरी मग हवा काढल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, आणि खरं कारण त्या गोंधळात हरवतं.

हा लेख नव्या ड्रायव्हरसाठी, पहिलीच गाडी घेतलेल्या मालकासाठी आणि गॅरेजात नुकत्याच लागलेल्या पोरांसाठी आहे. तो वाचून कोणी पंप उघडायला बसू नये. पण गाडी कशी बंद पडली हे नीट आठवलं आणि चार गोष्टी ठरावीक क्रमाने पाहिल्या, तर निम्मी कारणं पाना न लावता बाद होतात. रस्त्याच्या कडेला सुटणारे बिघाड तिथेच सुटतात, आणि जे सुटत नाहीत त्यांच्यासाठी मिस्त्रीला फोनवर काय सांगायचं ते कळतं.

आधी गाडी कडेला

इंजिन बंद पडलं की स्टीअरिंग जड होतं आणि हवेचा कॉम्प्रेसर थांबतो. ब्रेक मात्र लगेच जात नाहीत, टाक्यांत साठलेल्या हवेवर ते काही वेळा लागतात. म्हणून पेडल सारखं दाबून ती हवा उडवू नका. गाडी गतीत आहे तोवर डावीकडे घ्या आणि एकाच ठाम दाबाने थांबवा. हवा फार उतरली तर मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळले जातात आणि गाडी आहे तिथेच, कदाचित मधल्या लेनमध्ये, अडकते. हायड्रॉलिक ब्रेकच्या छोट्या गाड्यांत बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल एकदम कडक होतं.

कसारा, खंबाटकी, बोरघाट अशा ठिकाणी उतारावर गाडी सोडून गिअरमध्ये धक्क्याने सुरू करायचा मोह होतो. भरलेल्या गाडीत हे अजिबात करू नका. इंजिन नाही लागलं तर तुमच्याकडे ना इंजिनाचा ब्रेक उरतो, ना पुरेशी हवा.

हँडब्रेक, चाकांना लाकडी गुटके किंवा दगड, चारही इंडिकेटर, आणि गाडीच्या बऱ्याच मागे त्रिकोण. रात्री त्रिकोण आणखी लांब ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ वर फोन करून जागा कळवा, क्रेन आणि गस्तीची गाडी मिळते. केबिन उचलायचं असेल तर आत सुटं सामान नाही ना ते पाहा आणि टेकू पूर्ण अडकल्याशिवाय खाली हात घालू नका.

तुमच्याकडे कोणत्या पिढीचं इंजिन आहे?

हे माहीत नसेल तर पुढचं सगळं चुकेल. जुन्या गाड्यांत यांत्रिक पंप असतो. लोक त्याला अजूनही मायको पंप म्हणतात, कंपनीचं नाव बॉश होऊन बरीच वर्षं झाली तरी. त्या पंपातून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लोखंडी पाइप जातो. असं इंजिन एकदा सुरू झालं की स्टॉप सोलेनॉइड (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा खटका) सोडून त्याला विजेची जवळजवळ गरज नसते. नव्या गाड्यांत कॉमन रेल असते. पंप सगळं डिझेल एका जाड नळीत दाबून भरतो, त्या नळीतून सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरला पाइप निघतात, आणि कधी किती डिझेल सोडायचं ते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, ठरवतो. इथे एका सेन्सरची वायर तुटली तरी ठणठणीत इंजिन बंद पडू शकतं.

देशभर बीएस-४ (बीएस म्हणजे भारत स्टेज, धुराच्या प्रदूषणाचा मापदंड) लागू झालं ते १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ ते १ एप्रिल २०२० पासून. बीएस-६ ट्रक असेल तर कॉमन रेल धरून चला. बीएस-४ मध्ये दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून आरसी बुकावर न जाता पाइप मोजा आणि ते कुठून निघतात ते पाहा.

कशी बंद पडली?

मिस्त्री फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो आणि बहुतेक ड्रायव्हर "अचानक बंद पडली" एवढंच सांगतात. त्या अचानकमध्येही प्रकार आहेत.

किल्ली फिरवून बंद करावी तशी खटकन बंद पडली, आधी आचका नाही की ताकद कमी झाली नाही, तर संशय विजेवर: फ्यूज, रिले, स्टॉप सोलेनॉइड, क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा), बॅटरीचं टर्मिनल. खड्ड्यात आदळल्याबरोबर बंद पडली असेल तर टर्मिनल आणि अर्थ वायर आधी.

आचके देत, चढाला ताकद सोडत, आरपीएम वरखाली होत मेली, तर डिझेल कमी पोचतंय किंवा त्यात हवा-पाणी आहे. रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांमध्ये मला ही तऱ्हा सर्वांत जास्त वेळा दिसते.

काळा धूर ओकत, गुदमरत बंद पडली, तर हवेची वाट अडली आहे. एअर फिल्टर बुजलाय, टर्बोकडे जाणारा रबरी पाइप आत चिमटलाय, किंवा एक्झॉस्ट ब्रेकची (धुराची वाट अडवून गाडी हळू करणाऱ्या ब्रेकची) झडप बंद स्थितीत अडकली आहे. ही शेवटची शक्यता बरेचजण विसरतात. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक वापरला, खाली आल्यावर गाडी पिकअप घेईना आणि थोड्याच वेळात बंद पडली, असं घडलं असेल तर सायलेन्सरच्या पाइपवरची ती झडप आधी पाहा. कार्बन धरून तिचा लिव्हर अडकतो.

आवाज करून बंद पडली, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात होता किंवा ऑइलचा दिवा लागला होता, तर इथेच थांबा. सेल्फ मारू नका, रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. ही टोइंगची केस आहे.

पावसाळ्यात पुलावरच्या किंवा रस्त्यावरच्या पाण्यातून जाताना बंद पडली, तर किल्लीला हातच लावू नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी एअर फिल्टरचा डबा उघडून आत ओल आहे का ते बघा. ओल असेल तर इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढेपर्यंत इंजिन फिरवायचं नाही.

एवढं झालं की शेवटच्या काही तासांचा हिशेब करा. डिझेल कुठे भरलं? फिल्टर बदलला का? कोणी वायरिंगला हात लावला का? सर्व्हिसिंग होऊन दोनशे किलोमीटरच्या आत बंद पडलेल्या गाडीत, ज्या जागी पाना लागला होता त्याच जागी बिघाड सापडायची शक्यता मोठी.

किल्ली फिरवा, पण डोळे उघडे ठेवून

सेल्फ न मारता किल्ली ऑन करा. डॅशबोर्डचे दिवे लागतात का? कॉमन रेल गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे. तो लागतच नसेल तर ईसीएमला वीज मिळत नाही असं समजा आणि डिझेलच्या मागे लागू नका. काहीच दिवे नसतील तर बॅटरीचा कट-ऑफ स्विच पाहा. क्लीनरने लोड करताना पाडलेला असतो आणि त्याला आठवतही नसतं.

आता सेल्फ. एका वेळी फार तर दहा सेकंद, मग किमान एक मिनिट विश्रांती.

सेल्फला नुसतं टक होतं किंवा इंजिन जड फिरतं: बॅटरी. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. पूर्ण भरलेल्या जोडीवर साधारण २५.२ व्होल्ट दिसतात. सेल्फ मारताना ते १९ च्या खाली आले तर बॅटरी थकली आहे किंवा जोड खराब आहेत. मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा, दिवा पार मंदावला तर तेच. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, बहुतेक वेळा एकच मेलेली असते. टर्मिनल हाताने हलवून पाहा. हललं तर तिथूनच सुरुवात.

बॅटरी चांगली, तरी इंजिन जागचं हलत नाही: इंजिन जॅम असू शकतं किंवा सिलिंडरमध्ये पाणी. जबरदस्ती नको.

सेल्फला काहीच होत नाही, पण दिवे झकास: गिअर न्यूट्रलला आहे का, क्लच पूर्ण दाबलाय का? बऱ्याच नव्या गाड्यांत क्लच स्विच दाबला गेल्याशिवाय सेल्फ लागत नाही.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, झरझर फिरतो: कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, गेलंय. चालत्या गाडीत असं एकदम झालं तर टायमिंगच्या (झडपा वेळेवर उघडणाऱ्या) बाजूला काहीतरी तुटलेलं असतं. हेही टोइंग.

आणि इंजिन नेहमीच्या लयीत छान फिरतं, फक्त पेट घेत नाही: पुढचा सगळा लेख याच गाडीसाठी आहे.

सायलेन्सरकडे माणूस उभा करा

सेल्फ मारताना कोणाला तरी धूर बघायला लावा. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा सतरा-अठरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणून धूर बरंच काही सांगतो.

अजिबात धूर नाही: डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास येणारा धूर: डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग कॉम्प्रेशन कमी, सेल्फचा वेग कमी, डिझेलमध्ये पाणी, किंवा थंडीत हीटर चालत नाही. काळा धूर येतो आणि इंजिन लागू-लागू होऊन मरतं: हवेची वाट तपासा, फिल्टर काढून एकदा सेल्फ मारून पाहा. फिल्टरशिवाय गाडी चालवायची मात्र नाही, टर्बोला एक खडा पुरतो.

धूर नसेल तर टाकीपासून इंजेक्टरपर्यंत डिझेलची वाट चालत जायचं. नेहमी टाकीकडून, इंजेक्टरकडून नाही.

डिझेलची वाट

टाकीत डिझेल आहे का? काट्यावर विश्वास ठेवू नका, फ्लोट अडकतो. स्वच्छ काठी बुडवून पाहा. रात्रभर ढाब्यावर उभ्या गाडीतून डिझेल गेलेलं असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, आणि तासभर पंप-फिल्टर खोलल्यावर हे कळलं तर हसावं की रडावं असं होतं. टाकी चढावर तिरकी असेल तर तळाशी थोडं डिझेल असूनही सक्शन पाइप हवेत लोंबतो.

झाकण उघडताना "फुस्स" करून हवा आत ओढली गेली का ते ऐका. टाकीचा ब्रीदर, म्हणजे हवा आत यायची वाट, चिखलाने बुजला की डिझेल ओढलं जाईल तसा आत निर्वात तयार होतो आणि तासा-दीड तासाने गाडी आचके देत मरते. थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा सुरू होते आणि पुन्हा मरते. झाकण सैल ठेवल्यावर गाडी नीट चालली तर बिघाड सापडला, ब्रीदर साफ करा.

मग वॉटर सेपरेटर, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणारं भांडं. त्याच्या तळाचा स्क्रू सैल करून पेलाभर डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं हलवू नका. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे खाली बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. पाणी निघत असेल तर नुसतं डिझेल येईपर्यंत काढा. चमचाभर असेल तर नेहमीचं, बाष्पाचं. बाटली अर्धी पाण्याने भरली तर टाकीच रिकामी करावी लागेल, आणि कॉमन रेल गाडी असेल तर आणखी एकदाही सेल्फ मारू नका. पाणी पंप-इंजेक्टरमध्ये गेलं तर गंजून, घासून त्यांचं वाटोळं होतं आणि बिल इंजिनकामाच्या जवळ जातं. बाटलीत काळपट, चिकट गाळ दिसला तर डिझेल कुठून भरलं ते आठवा. हायवेच्या कडेला कॅनमधून मिळणाऱ्या स्वस्त तेलाने वाचवलेले पैसे असेच निघतात.

इथेच अ‍ॅडब्ल्यूचं, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायच्या युरियाच्या द्रावणाचं, सांगून टाकतो. अ‍ॅडब्ल्यू संपलं म्हणून गाडी धावता धावता बंद पडत नाही. दिवा लागतो, नंतर ताकद कमी केली जाते. तेव्हा बंद पडलेल्या गाडीचं खापर त्यावर फोडू नका. पण कोणी चुकून अ‍ॅडब्ल्यू डिझेलच्या टाकीत ओतलं असेल तर किल्लीसुद्धा ऑन करायची नाही. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी पाणी असतं. इलेक्ट्रिक पंप चालू झाला तर ते सगळ्या लाइनभर पसरेल.

पुढचं काम हँड प्रायमरचं. हा छोटा हातपंप फीड पंपावर (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपावर) किंवा फिल्टरच्या डोक्यावर असतो, आणि नव्या माणसाने त्याचा स्पर्श ओळखायला शिकलंच पाहिजे. चांगल्या लाइनमध्ये दहा-वीस झटक्यांनंतर तो कडक होऊ लागतो. वर ओढताना तोच खाली खेचला जात असेल तर सक्शनची बाजू अडली आहे: टाकीतली जाळी, चिमटलेला पाइप, किंवा आतून पापुद्रा सुटलेला रबरी होज, जो बाहेरून ठणठणीत दिसतो. कितीही मारला तरी पोकळच लागत असेल तर कुठूनतरी हवा ओढली जातेय किंवा फीड पंपाचे व्हॉल्व्ह गेलेत. आणि लगेच कडक होतोय, पण फिल्टरच्या पुढचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सैल केला तरी तिथून डिझेल येत नाही, तर फिल्टर बुजलाय.

हवा ओढणारी गळती नव्या लोकांना सापडत नाही, कारण ते डिझेलचा थेंब शोधत असतात. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. तिथल्या सैल जोडातून इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर, होजचे क्लॅम्प, फिल्टरचं रबर सील या तीन जागा पाहा. एकदा दबलेला वायसर पुन्हा नीट बसत नाही, नवा टाका, किरकोळ किमतीची वस्तू आहे. शंका असेल तर फीड पंपाच्या आधी फूटभर पारदर्शक नळी जोडा. प्रायमर मारताना बुडबुडे दिसले तर हवा त्या नळीच्या मागून, टाकीच्या बाजूने, येतेय.

आणि एक जुनी, पक्की युक्ती. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये चांगलं डिझेल घ्या, टाकीकडून येणारा पाइप फीड पंपापासून सोडवा आणि त्या जागी कॅनमधून येणारी नळी जोडा. हवा काढून सेल्फ मारा. गाडी लागली आणि लागून राहिली, तर बिघाड टाकी ते पंप एवढ्याच भागात. नाही लागली, तर तो पुढे. अर्ध्या तासाची ही खटपट अर्ध्या गाडीवरचा संशय दूर करते.

हवा काढायची रीत, फक्त यांत्रिक पंपासाठी

१. फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू दोन आटे सैल करा. पूर्ण काढू नका, रस्त्यावर पडला तर सापडत नाही.

२. प्रायमर मारत राहा. आधी फेस, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. दोन फिल्टर असतील तर टाकीकडचा आधी.

३. हेच पंपावरच्या ब्लीड स्क्रूला करा. प्रायमर कडक झाला पाहिजे.

४. स्टॉप लिव्हर पाहा. पंपाच्या कडेचा हा लिव्हर स्टॉप केबलमुळे बंद स्थितीत अडकला असेल तर जन्मभर हवा काढलीत तरी गाडी लागणार नाही. हाताने रन स्थितीत ढकलून बघा. स्टॉप सोलेनॉइड असेल तर किल्ली ऑन करताना टिक असा आवाज यायला हवा. नसेल तर त्याच्या वायरला टेस्ट लॅम्प लावा. काही गाड्यांत वीज मिळाल्यावर डिझेल चालू होतं, काहींत वीज मिळाल्यावर बंद. आपली कोणती हे आधी विचारून घ्या.

५. दोन-तीन इंजेक्टरचे पाइपनट इंजेक्टरच्या बाजूने अर्धा-पाऊण आटा सैल करा, अ‍ॅक्सिलरेटर दाबून सेल्फ मारा. नटापाशी डिझेलचे झटके दिसू लागले की नट आवळा. बहुतेक वेळा इथेच इंजिन खोकत सुरू होतं.

प्रायमर कडक, पंपाला डिझेल पोचतंय, लिव्हर मोकळा, तरी इंजेक्टरपाशी एक थेंब नाही? काही इंजिनांत पंप कपलिंगने फिरतो. सेल्फ मारताना दुसऱ्याला बघायला सांगा, कपलिंग तुटलं असेल तर इंजिन फिरतं आणि पंप जागचा हलत नाही.

कॉमन रेल असेल तर

वरची पाचवी पायरी इथे करायची नाही. चालत्या कॉमन रेलमध्ये दाब हजार-दीड हजार बारच्या पुढे जातो. त्या दाबाची केसाएवढी धार कातडी भेदून आत शिरते. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते आणि दुखतही नाही, पण आत डिझेल पसरून बोट, हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर धुऊन-पुसून बसू नका, लगेच हॉस्पिटल, आणि डॉक्टरला "दाबाने डिझेल आत गेलंय" हे सांगा. गळती शोधायची तर पुठ्ठा फिरवा, हात नाही.

या गाडीत तुम्ही करायचं ते कमी दाबाच्या बाजूचं: टाकी, सेपरेटर, फिल्टर, प्रायमर. ते नीट असेल तर सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे पाहा. काटा थोडाही उठत नसेल तर क्रँक सेन्सरवर संशय. गरम असताना बंद पडते, तासाभराने थंड झाली की काही झालंच नाही अशी सुरू होते, हेही बऱ्याचदा त्याच सेन्सरचं लक्षण. कनेक्टर काढून पिनांवर पाणी, तेल, हिरवट गंज आहे का ते पाहा आणि घट्ट बसवा.

काटा उठतोय, फिल्टरला डिझेल आहे, तरी लागत नाही, तर रेलमध्ये दाब तयार होत नसावा. बहुतेक प्रणालींत दीडशे ते अडीचशे बारच्या दरम्यान दाब झाल्याशिवाय ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. एक झिजलेला इंजेक्टर सगळं डिझेल रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपला, सोडून देत असेल तरी असं होतं. इथून पुढे ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. स्कॅनरवाल्याकडून कोडचा आकडा लिहून घ्या आणि सेल्फ मारताना रेलचा दाब किती दिसला तेही विचारा. नुसत्या कोडवरून पार्ट बदलणाऱ्याला "दाब किती आला?" हा एक प्रश्न विचारला तरी बरेच पैसे वाचतात. रेल प्रेशरचा कोड आला म्हणून रेल प्रेशर सेन्सर बदलणं ही फार लोकप्रिय चूक आहे. सेन्सर फक्त दाब नाही एवढंच सांगत असतो.

वीज शोधताना

फ्यूज डोळ्यांनी पाहून समाधान मानू नका, टेस्ट लॅम्प दोन्ही टोकांना लावा. सारखे रिले अदलाबदल करून पाहता येतात, हॉर्नचा आणि ईसीएमचा रिले एकाच प्रकारचा असेल तर दोन मिनिटांची तपासणी. केबिन जिथे वाकते तिथला वायरिंगचा जुडगा नीट बघा. दर वेळी केबिन उचलताना तो घासतो. इंजिन ते चासीची अर्थ पट्टीही पाहा.

जीपीएस विसरू नका. कर्जावरच्या आणि ट्रान्सपोर्टच्या कितीतरी गाड्यांत लांबून गाडी बंद करता यावी म्हणून इग्निशनच्या वायरमध्ये एक रिले घातलेला असतो. बसवणाऱ्याने वायर नुसती पिळून टेप मारलेला असतो. खटकन बंद पडलेल्या गाडीत डॅशबोर्डखालचा हा जोड मी कंपनीच्या फ्यूजबॉक्सच्याही आधी बघतो.

काय करायचं नाही

एअर फिल्टरमध्ये पेट्रोल शिंपडू नका, स्टार्टिंग स्प्रे मारू नका. इनटेक हीटर किंवा ग्लो प्लग असलेल्या इंजिनात तो स्प्रे आतच स्फोटासारखा पेटतो, पिस्टनच्या रिंगा तुटतात. टाकीखाली चिंध्या पेटवून डिझेल गरम करणं थंडीत उत्तरेकडे अजून दिसतं, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. जंप स्टार्ट देताना २४ व्होल्टच्या गाडीचा करंट १२ व्होल्टच्या गाडीला जोडू नका. कॉमन रेल गाडीत किल्ली ऑन असताना बॅटरीची वायर किंवा ईसीएमचा कनेक्टर काढू नका.

मिस्त्रीला फोन करताना

गाडीचं मॉडेल आणि बीएस क्रमांक, कशी बंद पडली, सेल्फ कसा फिरतो, धूर कोणता, प्रायमर कडक होतो का, सेपरेटरमधून काय निघालं, आरपीएमचा काटा उठतो का. एवढं सांगितलंत तर तो येताना बरोबर सामान घेऊन येतो. सेल्फचा आणि धुराचा व्हिडिओ पाठवा, आवाजासकट.

सुरू झाली तर

लगेच निघू नका. दहा मिनिटं चालू ठेवा, त्यातली दोन-तीन मिनिटं आरपीएम वाढवून. लाइनमधली उरलेली हवा याच वेळात गाडी पुन्हा मारते, आणि ती कडेला मेलेली बरी. उघडलेला प्रत्येक जोड पुसून कोरडा करा आणि पुन्हा ओला होतो का पाहा. हवेचा काटा भरेपर्यंत हँडब्रेक सोडू नका. डिझेलमध्ये पाणी किंवा गाळ निघाला असेल तर नवा फिल्टरही लवकरच बुजेल, म्हणून एक फिल्टर, वायसरचा संच आणि पाने पुढच्या फेरीला गाडीतच ठेवा. निघताना त्रिकोण उचला आणि चाकाखाली लावलेले दगड रस्त्याच्या पार खाली टाका. मागून रात्री येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ते दिसत नाहीत.